एकतिसावा दिवस

गेल्या वैशाखातली गोष्ट. रात्री साडेदहाच्या सुमारास न्यू जर्सीहून धाकट्या बहिणीचा फोन आला. "दादा, तुझी भाची ग्वाटेमालाला जायचं म्हणतेय. पाठवू का?"

भाची १९ वर्षांची आहे आणि तिला पुढे वैद्यकीय शिक्षण घ्यायचे आहे. तिच्या मैत्रिणीच्या चर्चमधला एक गट दहा दिवसांसाठी तिथल्या डोंगरातल्या खेड्यांत आरोग्य शिबिरे घ्यायला जाणार होता. धर्म कोणताही असला तरी चालेल, असे तिला सांगण्यात आले होते. तिकडे अशा फेरीला 'मिशन ट्रिप' म्हणतात आणि सुटीत पुष्कळ तरुण मुले ती करतात. बहिणीला काळजी दोन गोष्टींची होती, पाणी आणि प्रार्थना. मेव्हण्यांचा प्रश्न व्यवहाराचा होता: पुढे प्रवेशअर्जात याचा उपयोग होतो का?

पाण्याचे उत्तर माझ्याजवळ तयार होते. विषमज्वराची आणि 'हिपॅटायटिस ए' या काविळीची लस निघण्यापूर्वी निदान दोन आठवडे आधी घ्यावी, धनुर्वाताच्या लसीची मुदत तपासावी, पाणी उकळलेले किंवा सीलबंद असावे, कापलेली फळे आणि बर्फ टाळावा, जलसंजीवनीची पाकिटे सोबत ठेवावीत, आणि ज्या भागात जायचे तिथे हिवताप आहे का हे विचारून त्याप्रमाणे प्रतिबंधक गोळ्या घ्याव्यात. हे सारे मी एका दमात सांगितले. उरलेल्या प्रश्नांना "कळवतो" म्हणालो आणि फोन ठेवला.

मग खाली दवाखान्यात जाऊन कपाटातली एक बाटली काढली. पांढऱ्या प्लास्टिकची, बोटभर उंचीची, झाकण पिवळट पडलेली. ती माझ्याकडे २००४ सालापासून आहे.

लोणावळ्यात राहणाऱ्याला पाहुण्यांचे नवल नसते. शनिवार-रविवारी हे गाव पाहुण्यांचे असते, सोमवारी आमचे. ते येतात, धबधब्याखाली भिजतात, चिक्कीचे पुडे घेतात आणि संध्याकाळी द्रुतगती मार्गावर रांग लावून परत जातात. मागे राहतो तो कचरा आणि थोडी मिळकत. त्यामुळे २००४ च्या जानेवारीत परदेशातल्या एका चर्चचा २० जणांचा गट पवन मावळात शिबिर घेणार असल्याचे कळले आणि दुभाषा म्हणून मला विचारणा झाली, तेव्हा मला उत्सुकतेहून अधिक बरे वाटले. हे पाहुणे काही देण्यासाठी येत होते.

पवना धरण १९७२ साली पूर्ण झाले. जलाशयाच्या एका अंगाला लोहगड-विसापूर, दुसऱ्या अंगाला तुंग आणि तिकोना. पाण्याच्या पलीकडच्या काही वस्त्यांना तेव्हा डॉक्टर गाठायचा म्हणजे पवनानगरपर्यंत पायपीट, तिथून एसटी किंवा जीपने कामशेत, आणि तिथून लोकलने लोणावळा किंवा तळेगाव. एक दिवस जायचा, त्या दिवसाची मजुरी जायची. अशाच एका गावच्या शाळेत शिबिर झाले. गावाचे नाव मुद्दामच लिहीत नाही, गटाचेही नाही.

त्या माणसांच्या कष्टांना मी कमी लेखणार नाही. एक प्रौढ परिचारिका दिवसभर जमिनीवर बसून म्हाताऱ्या बायकांच्या भेगाळलेल्या टाचा कोमट पाण्याने धुऊन त्यांना मलम लावत होती. आमच्या भागात कुणा सुनेनेही सासूचे पाय असे धुतले नसतील. लहान मुलांना जंताच्या गोळ्या मिळाल्या, चाळिशी लागलेल्यांना वाचायचे चष्मे मिळाले. संध्याकाळी एका आजीने त्या परिचारिकेच्या कपाळाला कुंकू लावले आणि ती खळखळून हसली.

दुपारी पासष्टीचे एक आजोबा रांगेतून पुढे आले. रक्तदाब २०० वर ११०. परदेशी डॉक्टरांनी दोनदा मोजला, मान हलवली आणि ही पांढरी बाटली त्यांच्या हातावर ठेवली. आत ३० गोळ्या. इंग्रजीत दोन वाक्ये बोलले. मी मराठीत सांगितले, "आजोबा, रोज सकाळी एक गोळी." आजोबांनी बाटलीला नमस्कार केला. त्यांच्या मागे ६० माणसे उभी होती. मी पुढच्या बाईकडे वळलो.

मी दुभाष्याचे काम चोख केले होते. डॉक्टर जेवढे बोलले तेवढेच सांगितले. "गोळ्या संपायच्या आत माझ्याकडे या, हे औषध जन्मभराचे आहे" हे एक वाक्य मी स्वतःचे म्हणून जोडायला हवे होते. त्या मांडवात त्या आजोबांचा शेजारी असलेला एकमेव डॉक्टर मी होतो.

ऑगस्टमध्ये, लावण्या आटोपल्यावर, त्यांच्या मुलाने त्यांना जीपमध्ये आडवे घालून आणले. तोंड डावीकडे ओढलेले, उजवा हात लुळा. बरोबर आलेल्या आजींनी कनवटीची पिशवी सोडून ही बाटली माझ्यापुढे धरली. "ह्या गोळ्यांनी ब्येस वाटत व्हतं बघा, दागदर. मग सपल्या." बाटली धुऊन पुसून ठेवलेली होती. तशीच दुसरी मिळेल या आशेने त्यांनी ती सात महिने सांभाळली होती.

गोळ्या चालू राहिल्या असत्या तर पक्षाघात टळलाच असता, असे कोणताही डॉक्टर छातीठोकपणे सांगणार नाही. पण उच्च रक्तदाब हा पक्षाघाताचा सर्वांत मोठा टाळता येण्याजोगा धोका आहे आणि नियमित औषधाने तो बराच कमी होतो, हे वैद्यकातल्या पक्क्या गोष्टींपैकी एक आहे. एक महिना दाब उतरतो, औषध संपते, दाब पुन्हा चढतो. रुग्णाला मात्र वाटते की आपण औषध घेतले आणि आपण बरे झालो. आजोबा पुढे सहा वर्षे एका हाताने जगले.

हे सारे मला ठाऊक होते. तरीही १४ वर्षांनी मी स्वतः तेच केले.

मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातला माझा एक वर्गमित्र नगर जिल्ह्यातल्या जुन्या मराठी ख्रिस्ती घराण्यातला. आता पुण्यात भूलतज्ज्ञ आहे. २०१८ च्या मार्चमध्ये त्याच्या चर्चचा ११ जणांचा गट नेपाळच्या डोंगराळ भागात १२ दिवसांसाठी जाणार होता आणि त्यांना साधा, सर्व प्रकारचे रुग्ण पाहणारा डॉक्टर हवा होता. "स्पेशालिस्ट खूप आहेत रे," तो म्हणाला, "खोकला ऐकणारा कुणी नाही." हा टोमणा होता की स्तुती, हे मी अजून ठरवलेले नाही. मी हो म्हटले. नेपाळ मेडिकल कौन्सिलच्या तात्पुरत्या नोंदणीसाठी आधीच कागद पाठवले होते. परदेशी डॉक्टरला तिथे रुग्ण तपासायचे तर ती लागते. सीमा ओलांडायला मात्र मतदार ओळखपत्र पुरले. परदेशी जाऊन आलो असे सांगितल्यावर लोक पासपोर्टवरचा शिक्का पाहायला मागतात, तो माझ्याकडे नाही.

आमच्या कंपाउंडरांनी निघताना विचारले, "डॉक्टर, वारीत जाता तसंच का हे?" 

प्रश्न सरळ होता. आम्ही काही डॉक्टर दरवर्षी तुकोबांच्या पालखीबरोबर देहूपासून पहिले काही मुक्काम करतो. तळपायाचे फोड, उन्हाने आलेली घेरी, पोटऱ्यांत आलेले गोळे, जुलाब. फोड फोडायचा नाही, स्वच्छ करून पट्टी बांधायची, पाणी पाजायचे, पाय दाबून द्यायचे. माणूस अर्ध्या तासात उठून दिंडीत मिसळतो. तिथे सुरू केलेले काम तिथेच संपते आणि त्यापुढे त्याला डॉक्टरची गरज उरत नाही. तेव्हा मी कंपाउंडरांना म्हटले, "हो, तसंच." उत्तर चुकीचे होते, पण ते मला डोंगर चढल्यावर कळले.

पुण्याहून रेल्वेने गोरखपूर, मग सुनौलीची सीमा, पुढे बुटवलपासून सिद्धार्थ राजमार्गाची चढण. खिडकीतून दिसणारी पायऱ्यापायऱ्यांची शेती पाहून राजमाचीच्या बाजूची आठवण यावी. कडेला लालीगुरांस फुलला होता. तिथल्या लोकांचा 'कोदो' म्हणजे आपली नाचणीच निघाली. भाषेनेही हात दिला. आपण 'दुखतं' म्हणतो, ते 'दुख्छ' म्हणतात. आपण 'किती' म्हणतो, ते 'कति'. डॉक्टरला आरंभी एवढे दोन शब्द पुरतात, असा माझा समज झाला.

तिसऱ्या दिवशी एका शाळेत शिबिर होते. आम्ही दोन डॉक्टर. सकाळी दहा ते चार, दोनशेच्या वर माणसे. वाचकांनी स्वतःच भागाकार करावा: एका माणसाला साडेतीन मिनिटेही आली नाहीत. त्यातली काही मिनिटे छायाचित्रांत गेली. गटातला कॉलेजात जाणारा एक मुलगा उत्साहाने इंजेक्शन द्यायला शिकवा म्हणत होता. मी त्याला विचारले की पुण्यात माझ्या दवाखान्यात तू हे मागितले असतेस का. तो ओशाळला आणि नंतर दिवसभर त्याने म्हाताऱ्यांना हात धरून पायऱ्या चढवले-उतरवले. ते काम त्याने फार छान केले.

माझ्या पिशवीत औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींनी वर्षभर दिलेली सॅम्पले होती. दवाखान्यात ती साचतात. फुकट वाटल्याचे समाधान मिळते आणि कपाट रिकामे होते. त्यांत रक्तदाबाची एक जोडगोळी होती, अ‍ॅम्लोडिपिन आणि अ‍ॅटेनोलॉल एकत्र असलेली. दोन तास चढून आलेली माणसे, एकदाच मोजलेला दाब, आणि मी प्रत्येकाला तीन-तीन पट्ट्या देत होतो. सामान्यतः दाब वेगवेगळ्या वेळी दोन-तीनदा मोजल्याशिवाय निदान करू नये, हे मी याच पाक्षिकाच्या वाचकांना पूर्वी सांगितले आहे.

तिथल्या सरकारी आरोग्यचौकीचा सहायक, तिशीचा तरुण, माझ्या शेजारी बसून वहीत नोंद करत होता. सकाळपासून तो काही बोलला नव्हता. चारच्या सुमारास पाठीवर डोको, म्हणजे वेताची टोपली, घेतलेल्या एका बाईला मी पट्ट्या दिल्या, तेव्हा त्याने पेन खाली ठेवले. हिंदीत, अगदी आदराने विचारले, "सर, एकतिसाव्या दिवशी मी यांना काय देऊ?"

त्याच्या चौकीत ती जोडगोळी मिळत नव्हती. साधी अ‍ॅम्लोडिपिन मिळायची, तीही अधूनमधून. आणि अ‍ॅटेनोलॉल हे असे औषध आहे की ते एकदम बंद केले तर नाडी आणि दाब उसळू शकतात. हृदयाच्या रुग्णाला ते जिवावर बेतू शकते. म्हणजे मी त्या माणसांना काहीच दिले नसते तरी ते अधिक सुरक्षित राहिले असते. वही उलटून पाहिली. त्या दिवशी ती गोळी मी १७ जणांना दिली होती.

मला त्या शाळेच्या बाकावर पवनेकाठची बाटली आठवली. नंतर नाही, त्याच क्षणी आठवली.

त्या रात्री मित्राशी बोललो. तो चिडला नाही. म्हणाला, "आपण दोघे मिरजेत शिकलो आणि तरी विसरलो." त्याला काय म्हणायचे होते ते मला समजले. आमचे महाविद्यालय १९६२ साली सुरू झाले ते मिरजेच्या मिशन हॉस्पिटलच्या सहकार्याने. ते हॉस्पिटल उभारणारे डॉ. विल्यम वॉन्लेस हे मूळचे कॅनडाचे. १८८९ साली भारतात आले, १८९४ साली मिरजेत रुग्णालय उघडले आणि १९२८ पर्यंत राहिले. मराठी शिकले, इथल्या मुलांना वैद्यक शिकवण्यासाठी शाळा काढली, आणि सांगलीजवळच्या वॉन्लेसवाडीला आजही त्यांचे नाव आहे. त्यांच्या धर्मकार्याविषयी कुणाचे काही मत असो. पण त्यांच्या रुग्णाला एकतिसाव्या दिवशी यायला जागा होती आणि तिथे कुणीतरी बसलेले होते.

आम्ही ज्या रस्त्याने आलो त्यावरच तानसेन लागते. तिथल्या मिशन रुग्णालयाची जन्मकथा मित्राने मला सांगितली. मसुरीच्या एका शाळेत शिकवणारे रॉबर्ट फ्लेमिंग हे अमेरिकी गृहस्थ पक्ष्यांचे अभ्यासक होते. १९४९ साली ते पक्ष्यांसाठी पाल्पाच्या डोंगरात गेले. दोन वर्षांनी पुन्हा गेले तेव्हा बरोबर डॉक्टर पत्नी बेथेल आणि आणखी एक डॉक्टर दांपत्य होते. पक्षी पाहता पाहता तानसेनला काही आठवडे दवाखाना चालला आणि लोकांची रीघ लागली. ही देखील एक छोटी फेरीच होती. पण परत गेल्यावर त्यांनी नेपाळ सरकारकडे रुग्णालयासाठी परवानगी मागितली, ती मिळाली, आणि १९५४ साली काम कायमचे सुरू झाले. मला ही गोष्ट फार आवडली, आणि त्या रात्री ती मला फार लागलीही.

पुढचे दोन दिवस मी शिबिराला गेलो नाही. आरोग्य सहायक आणि मी वही घेऊन त्या १७ जणांना शोधत फिरलो. वाट दाखवायला गावची स्वास्थ्य स्वयंसेविका होती, पन्नाशीची, माझ्याहून दुप्पट वेगाने चढणारी. नेपाळमध्ये १९८८ पासून अशा स्त्रिया गावोगाव काम करतात. देशभरात त्यांची संख्या सुमारे ५० हजार आहे. त्यांना पगार नसतो. ही बाई २२ वर्षे ते काम करत होती. कुठल्या घरात कुणाचे बाळंतपण कधी झाले, कुणाचे मूल कोणत्या पावसाळ्यात गेले, सगळे तिला तोंडपाठ. तिने मला विचारले की तुम्ही कोण. माझ्या छातीवर गटाने दिलेला बिल्ला होता आणि त्यावर इंग्रजीत 'स्वयंसेवक' असे लिहिलेले होते. तिच्यापुढे तो शब्द वाचून दाखवायला मला जीभ उचलेना. मी म्हटले, "डॉक्टर. पाहुणा आहे."

१४ जण सापडले. त्यांना ओसरीवर बसवून, पाच मिनिटे शांत राहू देऊन, दंड छातीच्या पातळीवर ठेवून दाब पुन्हा मोजला. पाच जणांचा दाब जवळपास ठीकच निघाला; चढण आणि अनोळखी डॉक्टर यांनीच तो वाढवला होता. त्यांच्या गोळ्या परत घेतल्या. बाकीच्यांना चौकीत मिळणाऱ्या औषधावर आणले आणि नावे सहायकाच्या कायमच्या वहीत घातली. डोकोवाल्या बाईंनी पट्ट्या देवघरात ठेवल्या होत्या. परत देताना त्यांना वाईट वाटले. मी त्यांच्यावर रागावलो आहे, असे त्यांना वाटले.

तिघे मिळाले नाहीत. एक म्हातारी दरीपलीकडे मुलीकडे गेली होती. एकाचे घर बंद होते. तिसरा चाळिशीचा गडी दुसऱ्याच दिवशी कतारच्या नोकरीवर निघून गेला होता, माझ्या तीन पट्ट्या खिशात घालून. दोहाच्या कुठल्याशा कामगारवस्तीत त्याचा एकतिसावा दिवस कसा गेला असेल, याचा मी आजही विचार करतो.

उरलेले दिवस मी रुग्णालयातल्या परिचारिकांबरोबर काढले. धुराच्या चुलींमुळे तिथे दम्यासारखा आजार पुष्कळ. दम्याचा पंप नीट ओढला जात नसेल तर अर्ध्या लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीच्या बुडाला छिद्र पाडून त्यात पंप बसवायचा आणि तोंडाने हवा ओढायची. औषध घशात न अडकता फुप्फुसात जाते. ही युक्ती मी त्यांना दाखवली. त्यांनी मला सापाच्या दंशानंतर किती तासांपर्यंत काय पाहायचे, हे माझ्यापेक्षा बरे शिकवले. त्या १२ दिवसांतले माझे खरे उपयोगाचे काम बहुधा ती बाटलीच.

आता बहिणीच्या दुसऱ्या काळजीविषयी. आमच्या गटात रोज सकाळी प्रार्थना होई. मी वारकरी घरातला; मागच्या बाकावर बसत असे, कुणी कधी आग्रह केला नाही. नेपाळच्या २०१५ च्या राज्यघटनेत धर्मांतर करविण्यास मनाई आहे आणि रुग्णालयातले लोक त्याबाबत फार काटेकोर होते. तरी एका संध्याकाळी गटातल्या एका वयस्क सद्गृहस्थांनी तापाने फणफणलेल्या मुलाच्या आईला, "आम्ही याच्यासाठी प्रार्थना करू का?" असे विचारले. आई म्हणाली, हो. मित्राने त्यांना नंतर बाजूला घेऊन समजावले. त्याचे म्हणणे मला पटले आणि ते मी इथे त्याच्याच नावावर सांगतो: ज्याच्या हातात औषध आहे त्याने विचारलेल्या प्रश्नाला रांगेत उभ्या असलेल्या आईचे उत्तर नेहमी 'हो'च असते, म्हणून तो प्रश्न रांगेत विचारू नये. प्रार्थना खोलीवर जाऊन करावी. हा नियम मी आमच्याकडच्या शिबिरांनाही लावू इच्छितो. पुढाऱ्याचा फोटो छापलेल्या पिशवीतून गोळ्या घेणाऱ्या माणसाला तरी 'नको' कुठे म्हणता येते?

दोन दिवसांनी मी बहिणीला फोन केला. पाठव, म्हटले. पण आधी मुलीने संयोजकांना पत्र लिहून विचारावे की आपण निघाल्यावर त्या रुग्णांना कोण पाहणार, तिथले सरकारी आरोग्य केंद्र या कामात आहे का, आणि नेली जाणारी औषधे तिथे नंतर मिळतात का. जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ सालीच औषधदानाचे नियम छापले आहेत: औषध घेणाऱ्या देशाच्या गरजेच्या यादीतले असावे, पुरेशी मुदत शिल्लक असावी, लेबल तिथल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना वाचता यावे. आपल्या घरातली उरलेली औषधे देवळात किंवा शिबिराला देणाऱ्यांनीही ते लक्षात ठेवावे. शिवाय, जे काम अमेरिकेत तिला करू दिले जात नाही ते तिने तिथेही करू नये. टाके घालू नयेत, दात उपटू नयेत, इंजेक्शन देऊ नये, कुणी कितीही आग्रहाने शिकवले तरी. मोतीबिंदूची किंवा दुभंगलेल्या ओठांची शस्त्रक्रिया करणारे पथक असेल आणि मागची देखभाल करणारे स्थानिक डॉक्टर असतील, तर थोड्या दिवसांतही मोठे काम होते. तिथे तिने खुशाल पट्ट्या गुंडाळाव्यात आणि फरशी पुसावी. अर्जाचे काय, हे मेव्हण्यांनी पुन्हा विचारले. त्याचे उत्तर मी दिले नाही.

भाचीने पत्र लिहिले. उत्तरात दोन प्रश्नांची नीट माहिती आली, औषधांच्या प्रश्नावर मौन होते. ती गेली नाही. मला थोडे वाईट वाटले, कारण तिचा हेतू चांगला होता, आणि तिच्या वयात मी असा प्रश्न विचारला नसता.

नेपाळहून परतल्यावर मी एक गोष्ट केली, ती सांगून थांबतो. पुणे-गोरखपूर-बुटवल असा दोन हजार किलोमीटरच्या आसपासचा प्रवास मी आनंदाने केला होता, आणि लोणावळ्यापासून तासा-दीड तासावरच्या त्या पवनेकाठच्या गावी मी २००४ नंतर पाऊल ठेवले नव्हते. लाज वाटत होती, हे खरे कारण. २०१८ च्या मे महिन्यात गेलो. आजोबा गेले होते. आजी होत्या, आणि आता दाब त्यांनाच होता. गावच्या आशाताईंनी तो हेरला होता आणि पवनानगरहून सरकारी गोळ्या आणून त्या घरपोच देत होत्या. मी विचारले की माझा काही उपयोग आहे का. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, "महिन्यातून एकदा याल तर आठ-दहा जणांना दाखवता येईल. मला दाब मोजता येतो, पण गोळी कमी-जास्त करायची मला परवानगी नाही."

तेव्हापासून महिन्याच्या दुसऱ्या रविवारी जातो. वही आशाताईंची, मी फक्त रकाना भरतो. सॅम्पले नेत नाही.

गेल्या जुलैत दुसऱ्या रविवारी पाऊस असा कोसळत होता की रस्त्यावर झाड पडून गाडी अर्ध्या वाटेवरून परत फिरवावी लागली. दिवसभर मन लागेना. संध्याकाळी आशाताईंना फोन लावला आणि क्षमा मागितली. पलीकडून पावसाचा आवाज येत होता.

"अहो, कशाला एवढं, सर?" त्या म्हणाल्या. "गोळ्या मी गुरुवारीच वाटल्या. आजींचा दाब १४० वर ८४ आहे. तुम्ही ऑगस्टमध्ये या."